बरगडीत उसण, कुशीत पेटके: जुन्या आजारात या चुका टाळा

दम्याचा किंवा सीओपीडीचा (श्वासनळ्या कायमच्या आखडण्याचा आजार) जुना पेशंट, टीबी बरा होऊनही फुप्फुस आखडलेला माणूस, संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारी बाई, डायलिसिसवर असलेले आबा. आजार वेगवेगळे, तक्रार एकच: "हितं बरगडीत चमक निघती, श्वासच घिऊ देईना." त्यावर घरोघरी होणारे उपायही ठरलेले. चोळा, आवळून बांधा, मेडिकलवरून गोळी आणा आणि एवढं करून भागलं नाही तर पायाळू शोधा, म्हणजे जन्मताना पाय आधी बाहेर आलेला माणूस, ज्याच्या लाथेने उसण जाते असा समज आहे. बीडला जा, परभणीला जा, हिंगोलीच्या आडगावात जा, ही यादी बदलत नाही आणि तिच्यामुळे होणारं नुकसानही बदलत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पाय मुरगळला तर पाय टेकायचा नाही, हात दुखला तर हात गळ्यात अडकवायचा. बरगडीला अशी सुट्टी देता येत नाही. दर दोन बरगड्यांच्या मधे स्नायूंचे तीन थर असतात आणि प्रत्येक श्वासाला ते कामाला लागतात. मिनिटाला १५ श्वास धरले तरी दिवसाचे एकवीस हजारांवर जातात. त्यात महिनोन् महिने खोकला असेल तर हे स्नायू थकून आखडतात. स्टेरॉइडने हाडं ठिसूळ आणि स्नायू बारीक होतात, अंगावरचं मांस उतरलेलं असतं, लघवी जास्त करणाऱ्या गोळ्यांनी रक्तातले क्षार खालीवर होतात. मग शिंकेचं, कूस बदलण्याचं, नाहीतर हंडा उचलण्याचं निमित्त होतं आणि पेटका येतो. इथला नियम सगळीकडच्यापेक्षा उलटा आहे: दुखणारी जागा हलती ठेवायची, फक्त तिला झटका बसू द्यायचा नाही.

प्रत्येक दुखण्याला "उसण" म्हणणं

उसण म्हटलं की विषय संपतो, म्हणून हा शब्द सगळ्यांना आवडतो. पण बरगडीपाशी दुखायला स्नायू, कूर्चा (बरगडीच्या टोकाचं मऊ हाड), हाड, फुप्फुसाचं आवरण आणि नस अशी पाच ठिकाणं आहेत. एका बोटाने सावकाश चाचपून पाहा.

दोन बरगड्यांच्या मधे, तळहाताएवढ्या भागात दाबल्यावर दुखतं, वाकल्यावर किंवा वळल्यावर पीळ पडतो, तर बहुधा स्नायू. छातीच्या मधल्या हाडाला लागून, दुसऱ्या ते पाचव्या बरगडीच्या टोकाशी दाबलं की नेमकं तेच दुखणं उठतं, तर कूर्चेची सूज. एकाच टिंबावर बोट ठेवलं की माणूस ओरडतो, खोकताना "कट्ट" झाल्यासारखं वाटतं, तर हाडाला तडा गेल्याचा संशय धरायचा. हा तडा नुसत्या खोकल्यानेही जातो, त्यासाठी पडायला लागत नाही. खोल श्वासाला सुरी मारल्यासारखं दुखतं पण बोटाने दाबून काही सापडत नाही, सोबत ताप आहे, तर फुप्फुसाच्या आवरणाचं दुखणं. तिथे चोळत बसण्यात अर्थ नाही, छातीचा फोटो काढायला जायचं. आणि पाठीकडून पुढे पट्ट्यासारखी एकाच बाजूला आग होते, सदऱ्याचा स्पर्शही नको वाटतो, तर नस. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण तिथे तासांचा हिशेब असतो.

ही चाचपणी डॉक्टरला पर्याय नाही. दाबल्यावर दुखतं म्हणजे हृदयाचं नाही, असा शंभर टक्के निष्कर्ष कोणी काढू नये.

आवळून बांधणं, आणि पायाळूची लाथ

सगळ्यात जास्त नुकसान करणारी चूक ही. बरगडी दुखली की पंचा, उपरणं, जुन्या लुगड्याची पट्टी, नाहीतर मेडिकलमधला चारशे-पाचशेचा छातीचा पट्टा काचून बांधायचा. बांधल्याबरोबर बरं वाटतं, हे खरंच आहे. छाती हलायची थांबते, म्हणून दुखायचं थांबतं. पण छाती हलली नाही की फुप्फुसाच्या तळाशी हवा पोचत नाही. तिथला कफ तिथेच साचतो, हवेच्या पिशव्या मिटून जातात आणि साचलेल्या कफात जंतू वाढतात. धडधाकट पोरगा यातून निभावून जाईल. ज्याचं फुप्फुस आधीच अर्धंमुर्धं चालतं, त्याला न्यूमोनिया गाठतो.

अंबाजोगाईकडच्या एका आजोबांचं उदाहरण पुरेसं आहे. जुना दमा, रोजची प्रेडनिसोलोनची (स्टेरॉइडची) गोळी, तीही कितीतरी वर्षं. सोयाबीनच्या मळणीत यंत्राजवळ उभे राहिले, धुळीने दोन दिवस खोकला उसळला आणि उजव्या कुशीत चमक भरली. घरच्यांनी शेजारचा पायाळू पोरगा बोलावला. आजोबांना ओट्यावर पालथं निजवलं आणि पोराने टाच मारली. "कट्ट" आवाज आला तेव्हा सगळे खूश, म्हणाले उसण मोडली. मोडली होती बरगडी. रात्री दुखणं दुप्पट झालं म्हणून सकाळी लुगड्याची पट्टी चार वेढे घालून बांधली. आजोबा श्वास चोरून घ्यायला लागले, खोकला दाबायला लागले, आणि घरच्यांना वाटलं खोकलाही कमी झाला! चौथ्या दिवशी ताप, पाचव्या दिवशी ओठ निळसर, बोटाला लावलेल्या यंत्रावर ऑक्सिजन ८४. बरगडीचं दुखणं घरी सांभाळता आलं असतं. न्यूमोनियाने त्यांना पंधरा दिवस दवाखान्यात ठेवलं.

पायाळूच्या पायात काही असतं की नाही, या वादात पडायची गरज नाही. जन्मताना पाय आधी बाहेर आल्याने टाचेची ताकद बदलत नाही. मूळचा पेटका दोन-चार दिवसांत आपोआप सुटतो आणि श्रेय लाथेला जातं. पण तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड घेतलेला माणूस, साठीपुढची बाई, डायलिसिसचा पेशंट, हाडात पसरलेला कॅन्सर, यांच्या बरगडीवर लाथच काय, मालिशवाल्याचं कोपरही चालत नाही. पाठीवर पाय देऊन "मोकळं" करणारे, झटका देऊन "बरगडी बसवणारे", सगळे याच रांगेत.

बांधण्याऐवजी काय? उशी. घरातली साधी, जरा घट्ट कापसाची उशी, नाहीतर चादरीची चौकोनी घडी. खोकला येतोय असं वाटलं की बसा, पाय जमिनीला टेकवा, किंचित पुढे वाका. उशी दुखऱ्या जागेवर ठेवून दोन्ही हातांनी कवटाळा. नाकाने श्वास घ्या, उशी दाबा आणि मग खोका. खोकला झाला की दाब सोडा. म्हणजे आधार खोकल्यापुरताच मिळतो, बाकी वेळ छाती मोकळी राहते. आणि दणकून एक मोठा खोकला काढण्यापेक्षा आरशावर वाफ सोडतो तसं तोंड उघडून "हाऽ, हाऽ" करत दोनदा हवा बाहेर टाका, मग एक छोटा खोकला. कफ यानेही वर येतो आणि बरगडीला निम्माच झटका बसतो.

जागेपणी दर तासाला दहा खोल श्वास घ्यायचेच. नाकाने सावकाश आत घ्या, दोन-तीन सेकंद धरा, शिट्टी वाजवताना करतो तसे ओठ करून आत घेतला त्याच्या दुप्पट वेळात सोडा. पाच झाल्यावर गरगरलं तर थांबा, मिनिटभराने उरलेले पाच. हे करताना थोडं दुखणारच. त्या दुखण्याने तडा वाढत नाही.

तीन गोळ्यांच्या यंत्रात फुंकणं

श्वासाच्या व्यायामासाठी दवाखान्यातून निळं-पिवळं-हिरवं, आत तीन छोटे चेंडू असलेलं तीन गोळ्यांचं यंत्र देतात. निम्मे लोक त्यात फुगा फुगवल्यासारखं फुंकतात. ते ओढायचं आहे! आधी श्वास पूर्ण सोडा, नळी ओठांत घट्ट धरा, मग सावकाश आत ओढा. तिन्ही गोळ्या एका झटक्यात उडवून टाकण्यात काही मर्दुमकी नाही. एक गोळी वर जाऊन तीन सेकंद वर राहिली, तर ती तीन गोळ्यांच्या उडीपेक्षा जास्त कामाची. नळी रोज साबणाने धुऊन वाळवा आणि एकाचं यंत्र दुसऱ्याने वापरू नका.

नागीण ओळखायला उशीर, मग गेरू

नुकसानात दुसरा नंबर या चुकीचा. हिच्यावर कितीही बोललं तरी पुढच्या आठवड्यात तोच प्रकार समोर येतो.

लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की त्यांचे विषाणू पाठीच्या कण्याजवळच्या नसांच्या गाठीत निपचित पडून राहतात. वय वाढलं, मधुमेह आला, स्टेरॉइड किंवा केमोथेरपी चालू झाली, अंगातली ताकद खालावली की ते एखाद्या नसेवाटे बाहेर येतात. ती नस बहुतेकदा बरगडीची असते. घोटाळा असा की पुरळ नंतर येतं, दुखणं आधी. एक ते पाच दिवस नुसतीच आग, टोचणी, बरगडीखालून विजेसारख्या चमका. या दिवसांत लोक बाम चोळतात, विटेचा शेक देतात, आणि मग फोड दिसले की म्हणतात, "शेकाने भाजलं वाटतं" किंवा "बाम उठला." इथेच दोन दिवस जातात. कोणी जाणता म्हातारा "नागीण हाय ही" म्हणाला की पुढचे दोन दिवस मंत्र घालणाऱ्याकडे आणि गेरूच्या लेपात जातात.

या आजारात विषाणूविरोधी गोळ्या पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर सगळ्यात जास्त उपयोग होतो. नेहमीचा डोस म्हणजे असायक्लोव्हिर ८०० मि.ग्रॅ., दिवसातून पाच वेळा, सात दिवस. किडनीचा त्रास असेल तर हा डोस कमी करावा लागतो, म्हणून मेडिकलवरून परस्पर आणायचा नाही. डॉक्टरला आपण होऊन सांगायचं, "किडनी कमजोर आहे." ७२ तास उलटले म्हणून घरीही बसू नका. नवे फोड येत असतील तर तेव्हाही औषध देतात.

मंत्र ऐकल्याने कोणाचं काही बिघडत नाही, वाया गेलेल्या दिवसांनी बिघडतं. फोड आठ-दहा दिवसांत खपल्या धरतातच, मंत्र घातला तरी आणि नाही घातला तरी. मागे राहतं ते नसेचं दुखणं. काहींना ते तीन महिन्यांच्या पुढेही पुरतं आणि रात्रीची झोप खातं. म्हातारपणी आणि मधुमेहात ही भीती जास्त. या दुखण्याला साधी वेदनाशामक गोळी दाद देत नाही. प्रेगाबालिन, गाबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन अशी नसेची औषधं लागतात. त्यांनी झोप येते, तोल जातो आणि पहिल्या दोन गोळ्यांत गुण दिसत नाही, म्हणून लोक ती तिसऱ्या दिवशी सोडून देतात. निदान दोन-तीन आठवडे तरी द्या.

"नागिणीची दोन टोकं जुळली की माणूस दगावतो" ही भीती अजून गावोगाव आहे. नागीण एका नसेच्या पट्ट्यात येते आणि ती नस शरीराच्या मध्यरेषेवर संपते. म्हणून टोकं बहुधा जुळतच नाहीत. दोन्ही बाजूंना किंवा अंगभर फोड आले, तर प्रतिकारशक्ती फारच खालावली असा त्याचा अर्थ, त्याच दिवशी दवाखाना. फोडांवर गेरू, राख, चुना काही लावू नका, त्यात जंतू शिरतात. साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडे करा, सैल सुती कापड घाला. फोड ओले आहेत तोवर घरातलं तान्हं लेकरू आणि ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशी गरोदर बाई यांना जवळ येऊ देऊ नका.

फोड नसताना जिथे बरगडीच्या पट्ट्यात एकाच बाजूला आग होते, तिथे रोज सकाळी उजेडात सदरा काढून पाठ तपासायला सांगा. आरशात पाठ दिसत नाही, घरच्यांनी पाहायची.

पेटका आला की हवा गिळणं

पेटका आला की माणूस घाबरतो, तोंड उघडून वरवर भराभरा श्वास घेतो. वरची हवा वरच खेळते, आणि भराभर श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरून हातपायांना मुंग्या येतात, बोटं वळतात, पेटका आणखी आवळतो. बाजूचे लोक "मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या" ओरडतात. चूक आहे ते. आधी श्वास सोडायचा.

बसा. समोर टेबल, पेटी, बाजेचा कठडा, काहीही चालेल, त्यावर दोन्ही कोपरं टेकवा आणि पुढे झुका. काही नसेल तर कोपरं गुडघ्यांवर. ओठ आवळून फू करत जेवढा सुटेल तेवढा श्वास सोडा. आत आपोआप येईल तेवढाच येऊ द्या, पुन्हा सोडा. चार-पाच वेळा असं झालं की दुखऱ्या जागेवर तळहात सपाट ठेवा, चोळू नका, नुसता स्थिर दाब द्या, आणि पुढचा श्वास त्या तळव्याला ढकलतोय असं मनात धरून घ्या. दोन-तीन मिनिटांत पीळ सैल पडायला लागतो. पूर्ण सुटल्यावर, पेटका चालू असताना नव्हे, दुखऱ्या बाजूचा हात डोक्यावरून दुसऱ्या बाजूला न्या. हलका ताण जाणवेल तिथे वीस सेकंद थांबा, तीनदा. हाडाला तडा असल्याचा संशय असेल तर हा ताण गाळा.

शेक: गरम म्हणजे भाजेल इतका नव्हे

मधुमेहाने कातडी बधिर झालेली असते, पेशंटला चटका कळत नाही. विटेचा शेक, तव्यावरचं फडकं, उकळत्या पाण्याची रबरी पिशवी, यांनी भाजलेल्या जखमा बरगडीच्या दुखण्यापेक्षा जास्त दिवस टिकतात. जाड सुती पिशवीत अर्धा किलो ज्वारी शिवून ठेवा. ज्वारी तव्यावर मंद गरम करा, अधूनमधून हलवा. पिशवी आधी शेकणाऱ्याने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूवर दहा सेकंद धरून पाहायची. तिथे सोसली तरच पेशंटला, मधे कापडाची घडी ठेवून, पंधरा मिनिटं. ज्वारी उष्णता धरते आणि अंगावर बसते, म्हणून बरी. मिठाच्या पोटलीचा चटका एकदम बसतो. ताज्या मारावर, पहिले दोन दिवस शेक नको, कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं.

जेल किंवा बाम लावून त्यावर शेक कधीच नाही.

मेडिकलवरची "कंबरेची गोळी"

काउंटरवर "बरगडी दुखती" म्हटलं की हमखास मिळते ती मिश्रणाची गोळी: एसिक्लोफेनॅक १०० मि.ग्रॅ., पॅरासिटामॉल बहुधा ३२५ मि.ग्रॅ., वर क्लोरझोक्साझोनसारखं स्नायू सैल करणारं औषध. तिघांचाही जुन्या आजाराशी वेगवेगळा झगडा आहे. एसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन ही मंडळी किडनी कमजोर असेल तर ती आणखी बिघडवतात, हृदय कमजोर असेल तर अंगात पाणी धरतात, स्टेरॉइडसोबत घेतली तर पोटात रक्तस्राव करू शकतात आणि काही दमेकऱ्यांना यांनीच दम्याचा झटका येतो. स्नायू सैल करणाऱ्या औषधाने गुंगी येते. सीओपीडीच्या पेशंटला गुंगी म्हणजे मंदावलेला श्वास. आणि पॅरासिटामॉल? ताप आला म्हणून वेगळी ६५० ची गोळी चालूच असते, म्हणजे तेच औषध दोन नावांनी पोटात.

सुरुवात साध्या पॅरासिटामॉलने करा. एका वेळी ५०० किंवा ६५० मि.ग्रॅ., दोन गोळ्यांत सहा तास. धडधाकट माणसाला दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम असली तरी वजन उतरलेल्या, लिव्हरचा त्रास असलेल्या किंवा दारू पिणाऱ्या माणसाने डॉक्टरला न विचारता २ ग्रॅमच्या पुढे जाऊ नये. म्हणजे ६५० च्या तीन गोळ्या, संपलं. दुखणं कळसाला पोचल्यावर गोळी घेण्यात निम्मी गोळी वाया जाते. आंघोळ किंवा श्वासाचा व्यायाम यांच्या अर्धा-पाऊण तास आधी घ्या, म्हणजे कफ काढताना तिचा उपयोग होईल.

कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या देणाऱ्यांपासून लांब राहा. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं, म्हणून तर दोन तासांत "जादू" होते. आणि ज्यांचं स्टेरॉइड डॉक्टरांनी चालू केलंय, त्यांनी बरगडी ठिसूळ होते असं इथे वाचून ते एकदम बंद करू नये, जिवावर बेततं. हाडांसाठी कॅल्शियम, डी जीवनसत्त्व आणि हाडं टिकवणारं औषध लागतं का, एवढं पुढच्या भेटीत विचारा.

पेटका म्हणजे पाणी कमी, द्या शहाळं

मराठवाड्याचा उन्हाळा, पारा ४२ च्या वर, त्यामुळे पेटका आला की इलेक्ट्रॉल, शहाळं, केळी हा सल्ला कोणीही देतं. रानात राबणाऱ्या धडधाकट माणसाला तो बरोबर आहे. किडनीच्या पेशंटला तो घातक ठरू शकतो. ओआरएसच्या, म्हणजे इलेक्ट्रॉलसारख्या, एक लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं, शहाळं-केळ्यात पोटॅशियम भरपूर. निकामी किडनी ते बाहेर टाकू शकत नाही आणि रक्तात वाढलेलं पोटॅशियम हृदयाचे ठोके बिघडवतं, कधी कधी काहीही इशारा न देता.

डायलिसिस चालू असताना येणारे गोळे बहुतेकदा अंगातलं पाणी भराभर काढल्याने येतात. दोन डायलिसिसच्या मधे वजन जितकं जास्त वाढतं तितकं जास्त पाणी तेवढ्याच चार तासांत ओढावं लागतं. म्हणून इलाज मशीनवर नाही, ताटात आहे. लोणचं, पापड, खारे शेंगदाणे बंद. ठेच्यात मीठ चिमूटभर. मीठ कमी झालं की तहान आपोआप कमी होते. गोळा यायला लागल्याबरोबर टेक्निशियनला सांगा, दात-ओठ खात सहन करू नका. ते पाणी ओढायचा वेग कमी करतात. आणि "मीठ कमी" म्हणून बाजारातलं लो-सोडियम मीठ आणू नका, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं.

लघवी जास्त करणाऱ्या गोळ्या किंवा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या चालू झाल्यावर पेटके सुरू झाले असतील तर तारीख लक्षात ठेवून डॉक्टरला सांगा. सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम तपासून घेतल्याशिवाय अंदाजाने काही देऊ नका.

बारीकसारीक, पण रोजच्या

झोळ पडलेल्या बाजेवर झोपू नका. पाठ टेकवून अर्धवट बसतं होईल अशा तीन उशा लावा, नाहीतर सपाट फळी आणि गादी.

उठताना सरळ उठून बसायचं नाही. आधी कुशीवर वळा, पाय बाजेखाली सोडा, हाताच्या रेट्याने वर या. खाली अंथरूण असेल तर कुशीवरून रांगत्या अवस्थेत या आणि स्टुलाला धरून उभे राहा.

टँकर आला की भरलेली घागर एका कुशीवर घेऊन चालणं हे बायकांच्या एकाच बाजूच्या पेटक्याचं मोठं कारण. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो, वर घागरीचं वजन. पाच लिटरचे दोन डबे दोन हातांत घ्या, एक फेरी जास्त होईल. सासूबाई काय म्हणतील ते म्हणू द्या.

खोकल्याचा इलाज सोडून बरगडीचाच इलाज करत बसू नका. पंप ओढण्याची पद्धत तपासून घ्या, स्पेसर (पंपाला जोडायचं प्लास्टिकचं नळकांडं) वापरा. मळणीच्या दिवसांत यंत्रापासून लांब राहा. चुलीच्या धुराने बिडी न ओढणाऱ्या बाईलाही सीओपीडी होतो. आणि संध्याकाळचा ताप, घटतं वजन, दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते, तिथे आधी जा.

"एक्स-रे नॉर्मल आला, म्हणजे काही नाही" असं नसतं. बरगडीचा बारीक तडा पहिल्या फोटोत बऱ्याचदा दिसत नाही. इलाज तसाही तोच: उशी, खोल श्वास, गोळी, आणि सहा आठवडे. दुसऱ्या आठवड्यात बरं वाटलं म्हणून पोतं उचलणारे तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रांगेत दिसतात.

घरी थांबायचं नाही अशी दुखणी

छातीवर ओझं ठेवल्यासारखं दुखणं, घाम, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे जाणं. अचानक धाप आणि बरगडीत कळ, त्यातही एक पाय सुजलेला असेल तर. खोकल्यातून रक्त. थंडी वाजून ताप. ऑक्सिजन ९० च्या खाली, किंवा सीओपीडीवाल्यांचा त्यांच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा खाली. पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखून पायातली ताकद जाणं किंवा लघवी अडणं, ही मणक्याची खूण आहे, टीबी किंवा कॅन्सर मणक्यात गेल्यावर असं होतं.

अशा वेळी पेशंटला मोटारसायकलवर दोघांच्या मधे बसवून नेऊ नका. खड्ड्याच्या रस्त्यावर तडा गेलेली बरगडी सरकते आणि दोघांच्या मधे चेपलेल्या छातीला श्वास घ्यायला जागा राहत नाही. १०८ ला फोन करा. गाडी येईपर्यंत पुढे झुकवून, कोपरं टेकवून बसवा, आडवं निजवू नका. पाय लुळे पडले असतील तर मात्र उलट: सपाट झोपवून ठेवा, कमरेत किंवा मानेत पिळू नका. सोबत पिशवीत जुनी फाइल, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं आणि ती कागदाची पुडीसुद्धा घ्या, लाज न बाळगता.